अठरा कचेऱ्या आणि नवे मुतालिक

बंगळुरात कब्बन उद्यानाच्या कडेला तांबड्या रंगाची एक लांबलचक दुमजली इमारत आहे. लोक तिला 'अठरा कचेरी' म्हणतात. १८६८ मध्ये ती बांधून पुरी झाली. तोपर्यंत संस्थानचा कारभार टिपू सुलतानाच्या लाकडी खांबांच्या वाड्यातून चालत असे. अठरा खात्यांची दप्तरे या नव्या वास्तूत आली. पुढे १९५६ मध्ये समोरच विधानसौध उभे राहिले, दप्तरे तिकडे गेली, आणि आता येथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. नाव मात्र बदलले नाही. आज अठरा कचेरीत अठरा कचेऱ्या शोधणाऱ्यास वकील आणि अशील तेवढे भेटतील.

परमुलखात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांस नव्या कचेरीतला पहिला दिवस ठाऊकच आहे. दारावरच्या पाट्या वाचता येतात. पाटीमागे कोण काय करतो हे पाटी सांगत नाही. आम्ही या शहरी प्रथम रुजू झालो तेव्हा चार्ज देणाऱ्या गृहस्थांनी साडेचार पानांचे सुवाच्य टाचण आमच्या हाती ठेविले होते. त्यातील सातव्या कलमात एका तक्त्यापुढे 'नेहमीप्रमाणे पाठविणे' एवढेच शब्द होते. कोणास पाठविणे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि न पाठविल्यास काय होते, याचा पत्ता नव्हता. ज्यांनी ते लिहिले त्यांना त्या एका शब्दात सारे दिसत होते. आम्हांस काहीच दिसेना. सुदैवाने शेजारच्या टेबलाशी पंचवीस वर्षे बसलेले एक वृद्ध कन्नड कारकून होते. त्यांना विचारले आणि काम भागले.

शेजारी विचारावयास कोणीच नाही अशा कारकुनासाठी टाचण लिहावयाचे झाले तर ते कसे लिहावे? हा प्रश्न आज याच शहरात हजारो तरुणांपुढे रोज उभा राहत आहे, आणि त्यांचा कारकून माणूस नव्हे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची जी यंत्रे आता प्रश्नांना उत्तरे देतात, त्यांच्याकडून केवळ उत्तरे न घेता कामेही करून घ्यावी, असा उद्योग गेली काही वर्षे चालू आहे. अशा यंत्रास इंग्रजीत 'एजंट' म्हणतात. आम्ही त्यास मुतालिक म्हणू. धन्याच्या गैरहजेरीत त्याच्या नावाने आणि त्याच्या शिक्क्याने कारभार करणारा तो मुतालिक. बेळगावकडे ते आडनावही झाले आहे. हा यांत्रिक मुतालिक स्वतः पत्र टाकीत नाही की हिशेब मांडीत नाही. त्याला संगणकावरील साधनांची एक यादी दिलेली असते. प्रत्येक साधनाचे नाव, त्याचे दोन-चार ओळींचे वर्णन आणि भरावयाचे रकाने, एवढाच मजकूर त्याच्यापुढे येतो. तो वाचून मुतालिक ठरवितो की अमुक साधन वापरावे व रकान्यांत अमुक घालावे; मग दुसरी आज्ञावली ते काम पार पाडते आणि फळ त्याला कळविते. जून २०२३ मध्ये ओपनएआय या अमेरिकन कंपनीने आपल्या यंत्रास ही सोय जोडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या दुसऱ्या कंपनीने अशा साधनांची ओळख कोणत्याही यंत्रास एकाच पद्धतीने करून देता यावी म्हणून 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची नियमावली प्रसिद्ध केली. साधनाच्या पोटात काय आहे हे मुतालिक पाहत नाही. त्याच्या दृष्टीने वर्णन हेच साधन होय.

विषय नवा दिसतो, पण तो नवा नाही. अठरा कचेरीच्या नावापासूनच पाहू. अठरा ही संख्या मराठी माणसाच्या कानाला परकी नाही. शिवकाळातील अठरा कारखाने आपण शाळेत पाठ केलेले असतात. म्हैसुरात ती आली चिक्कदेवराज वोडेयर याच्या कारकिर्दीत. याच राजाने १६८७ मध्ये तीन लाख रुपये मोजून बंगळूर घेतले, अशी हकीकत आहे. १६९९ मध्ये त्याने औरंगजेबाकडे वकिलात पाठविली, आणि वकील परतल्यावर मोगली धर्तीवर अठरा चावड्या, म्हणजे खाती, स्थापिली. जकातीची सुंकद चावडी, लोखंडाची कब्बिणद चावडी, आणि एक 'बेण्णे चावडी'.

बेण्णे म्हणजे लोणी. राजवाड्याला दूध-लोणी पुरविण्यासाठी जे गोधन होते त्याची ही कचेरी. परंतु गाई आल्या म्हणजे खोंड येतात, आणि या गाईंचे खोंड विलक्षण चपळ व काटक निघाले. हैदर अलीने ते तोफांना आणि रसदेला जुंपले. चिदंबरच्या मदतीस जाताना त्याने अडीच दिवसांत शंभर मैलांची मजल मारली ती या बैलांच्या बळावर, असे सांगतात. टिपूने खात्याचे नाव बदलून 'अमृतमहाल' केले, म्हणजे लोण्याचे अमृत झाले. बैल पुन्हा नावाबाहेरच राहिले. पण टिपूने आणखीही एक गोष्ट केली: या खात्यासाठी एक हुकूमनामा काढला. गुरांची राखण, चराई, खोंडांची निवड हे सारे त्यात घालून दिले. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर पुढील काही वर्षांत कळपांची आबाळ झाली. १८१३ मध्ये इंग्रजांच्या लष्करी रसदखात्याने ते आपल्या हाती घेतले आणि बराच काळ टिपूच्याच हुकूमनाम्याच्या धोरणाने चालविले. ज्या नव्या अधिकाऱ्याने केवळ पाटी वाचली असती त्याने या खात्याकडे लोणी मागितले असते. ज्याने हुकूमनामा वाचला त्याने तोफांसाठी बैल मागितले. नाव आणि वर्णन यांतील अंतराचे याहून सुबक उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. आजच्या संगणकी साधनांतही अशा बेण्णे चावड्या पुष्कळ आहेत. दहा वर्षांपूर्वी एका कामासाठी लिहिलेली आज्ञावली आता भलतेच काम करीत असते. जुन्या माणसांना ते ठाऊक असते, म्हणून नाव कोणी बदलीत नाही.

आपल्या मराठी कारभारात या गोष्टीचा विचार झाला होता काय? झाला होता, आणि त्याचे एक टोक बंगळुरातच सापडते. १६३८ पासून हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे होते. त्या जहागिरीच्या कारभारात वाढलेले रघुनाथपंत हणमंते पुढे शिवाजीमहाराजांकडे गेले, आणि त्यांच्याच देखरेखीखाली राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला असे मानतात. दरबारी फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश दहा वर्गांत विभागलेला आहे. राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री आणि सरनोबताचा सेनापती. ही त्याच धोरणाची ठळक फळे. या कोशाचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही. तथापि परक्या माणसास त्याचा उपयोग किती, हा प्रश्न आम्ही विचारू इच्छितो. ज्याला मुजुमदार म्हणजे काय हे ठाऊक नाही त्याला अमात्य म्हणजे काय हेही ठाऊक नसते. येथे एका पाटीवर दुसरी पाटी लागते.

म्हणूनच अष्टप्रधानांचा जो कानुजाबता प्रसिद्ध आहे तो आम्हांस या दृष्टीने अधिक मोलाचा वाटतो. त्यात प्रत्येक प्रधानाने कोणते काम करावे, कोणत्या कागदावर कोणाचे चिन्ह असावे, हे सांगितले आहे. अमात्याने जमाखर्च तपासावा; सचिवाने राजपत्रे शोधून अधिक-उणे अक्षर मजकुरे शुद्ध करावीत. एकाचे काम कोठे संपते व दुसऱ्याचे कोठे सुरू होते हे ज्याला कळले त्याला चुकीच्या दारी जावे लागत नाही.

आणि याच्याही पुढची पायरी म्हणजे चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांस महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास पाठविलेले ते विख्यात पत्र. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण बेतानेच वापरा, एवढे एका ओळीत सांगून भागले असते. पत्र तेथे थांबत नाही. साठा उडविला तर पावसाळ्याच्या अखेरीस घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरात हात घालाल. मग त्यांना मोगल बरे वाटू लागतील, अशी कार्यकारणाची साखळी त्यात एकेक कडी जोडीत दाखविली आहे. कोणी वैरणीजवळ स्वयंपाक करील, कोणी चिलीम ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवून निजेल आणि उंदीर पेटती वात ओढून नेईल, येथवर ते पत्र उतरते. उंदराची वात! राज्य स्थापणारा पुरुष ती वात लिहितो, कारण पत्र वाचणारा दूर आहे, आणि चूक घडल्यावर विचारावयास वेळ राहणार नाही.

हस्तपुस्तके लिहिणाऱ्या इंग्रजी मंडळींनाही ही वात दिसली होती. १९७१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या संगणक-प्रणालीचे पहिले हस्तपुस्तक काढले. त्यात प्रत्येक आज्ञेच्या वर्णनाखाली आज्ञेतील ज्ञात दोष नोंदविण्यासाठी 'बग्ज' असे निराळे शीर्षकच होते. आपल्या कृतीचे वैगुण्य आपणच छापण्याचा हा प्रामाणिकपणा आम्हांस फार आवडतो. १९८१ साली पुण्यात जन्मलेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळुरास आली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने येथे कचेरी थाटली, आणि अशी हस्तपुस्तके वाचणाऱ्यांचे हे शहर झाले. परंतु ते वाचक माणसे होते. वर्णन अपुरे असले तर ते चहाच्या टपरीवर एकमेकांस विचारीत.

यंत्रासाठी संदिग्धतेवाचून कसे लिहावे याची चर्चाही बंगळुरात पूर्वी झाली आहे. नासाच्या केंद्रात काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनी १९८५ मध्ये 'एआय मॅगझीन'मध्ये एक लेख लिहून असे प्रतिपादिले की संस्कृत शास्त्रग्रंथांतील वाक्यविश्लेषणाची रीत यंत्रास ज्ञान देण्याच्या कृत्रिम रीतींशी जुळते. (नासाने संस्कृतास संगणकाची सर्वोत्तम भाषा ठरविले, ही जी कंडी मोबाइलवरून अजून फिरते तिचे मूळ येथे, नासाने तसे काही ठरविलेले नाही.) डिसेंबर १९८६ मध्ये याच विषयावर बंगळुरात परिषद भरली आणि शास्त्री व संगणकज्ञ एका मांडवात बसले. यंत्रास माणसांची सैल भाषा झेपणार नाही, यास्तव भाषाच काटेकोर करावी, ही त्या काळची आशा. झाले उलटेच. यंत्र आमची सैल भाषा शिकले, आणि काटेकोरपणाचे ओझे पुन्हा लिहिणाऱ्याच्या माथी आले. तरी पाणिनीकडून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. दोन समबल नियम एकाच ठिकाणी लागू पडू लागले तर कोणता घ्यावा, हे सांगणारा नियम त्याने निराळा केला. साधने दोन असून दोन्ही लागू पडतात असे वाटते, तेथेच तर मुतालिक फसतो.

दोन सारख्या साधनांचे प्रकरण किती गंभीर होऊ शकते, याची एक आठवण या शहराला आहे आणि मुंबईलाही आहे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ६०५ क्रमांकाचे विमान दुपारी एकच्या सुमारास बंगळूरच्या जुन्या विमानतळावर उतरत होते. हवा स्वच्छ होती. एअरबस ए-३२० जातीचे ते नवे विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर टेकले आणि पेटले. १४६ माणसांपैकी ९२ गेली. त्यांत मुंबईकर किती होते हे येथे सांगावयास नको. न्यायमूर्ती शिवशंकर भट यांच्या न्यायासनाने चौकशी केली. वैमानिकांपुढील फळीवर फिरवावयाची दोन बटणे जवळजवळ होती. घडण सारखी, फिरविण्याची रीतही सारखी. एकाने उतरण्याचा वेग ठरे, दुसऱ्याने गाठावयाची उंची. उतरण्याचा वेग मिनिटास ७०० फूट ठेवावयाचा असता चुकून उंचीचे बटण ७०० वर गेले असावे, असे अनुमान चौकशीत पुढे आले. दोन्हीकडे आकडा एकच, अर्थ निराळा. उंचीच्या आज्ञेबरोबर इंजिने मंदावतात व वेग घटत जातो. हे वेळेवर वैमानिकांच्या ध्यानी आले नाही, असा निष्कर्ष निघाला. आणि बटणांच्या घडणीत फरक करावा, अशी सूचनाही झाली.

त्या अनुमानातील एक बाब आमच्या मनातून जात नाही. बंगळूरचा तो विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २९०० फुटांवर आहे. ७०० फुटांची उंची म्हणजे जमिनीच्या पोटात बावीसशे फूट! कोणत्याही माणसाने अशी आज्ञा ऐकली असती तर तो म्हणाला असता, 'साहेब, तेथे तर माती आहे.' यंत्राने आकडा मुकाट्याने घेतला असता. ते बटण हाती धरणारे वैमानिक अनुभवी होते, जिवंत होते, त्यांना डोळे होते. तरी नावाने व आकाराने जवळ असलेल्या दोन साधनांपुढे चूक संभवनीय ठरली. मग ज्याला डोळे नाहीत, केवळ दोन-चार ओळींचे वर्णनच आहे, त्याची गोष्ट काय सांगावी?

हे भय कल्पनेतले नाही; पैशाच्या व्यवहारात ते रोजचे आहे. बंगळुरातील रेझरपे या कंपनीच्या मार्फत पुष्कळ दुकानदार गिऱ्हाइकांकडून पैसे घेतात. २०२५ मध्ये या कंपनीने यांत्रिक मुतालिकांसाठी आपली साधने खुली केली: पैसे मागण्याचा दुवा तयार करणे, झालेल्या भरण्याची माहिती काढणे, इत्यादी. रक्कम सांगावयाची ती रुपयांत नव्हे, चलनाच्या लहानात लहान एककात, म्हणजे पैशांत, असा तेथला नियम आहे आणि तो वर्णनात सांगितलेला आहे. पाचशे रुपये मागावयाचे असतील तर रकान्यात पन्नास हजार. वर्णनात ती ओळ नसती तर मुतालिकाने सरळ पाचशे लिहिले असते आणि दुकानदारास पाच रुपये मिळाले असते. तारखेचेही तसेच. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. आणि हा मुतालिक दोन्हीकडचे कागद वाचून शिकलेला आहे.

एक घरगुती उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या मराठी मंडळाने आपल्या ग्रंथालयाचे काम अशा मुतालिकाकडे सोपविले आणि त्याला दोन साधने दिली, 'सभासद पाहणे' व 'सभासद नोंद'. दोहोंचे वर्णन 'सभासदाची माहिती हाताळते' असे केले. एक गृहस्थ म्हणाले, 'माझा पत्ता बरोबर आहे ना, पाहा.' मुतालिक दुसरे साधन उचलतो, पत्त्याचा रकाना रिकामा ठेवतो, आणि होता तो पत्ताही पुसला जातो. आता पहिल्या साधनाचे वर्णन असे लिहून पाहा: 'सभासद-क्रमांक दिला असता नाव, पत्ता व वर्गणी संपण्याची तारीख दाखविते. काहीही बदलत नाही. क्रमांक ठाऊक नसेल तर आधी नावावरून शोधावे. एकाच नावाचे अनेक सभासद निघाल्यास विचारून घ्यावे. अंदाजाने निवडू नये. पत्ता बदलावयाचा असेल तर हे साधन वापरू नये.' सहा वाक्ये झाली. यांतली शेवटची दोन, म्हणजे काय करू नये हे सांगणारी, लिहिणाऱ्यास सर्वांत उशिरा सुचतात. कुलकर्णी आडनावाचे सभासद कोणत्याही मंडळात एकाहून अधिक असतातच, हे लिहिणाऱ्यास इतके ठाऊक असते की ते लिहावे असे त्याच्या मनातही येत नाही.

२०२५ मध्ये त्या प्रोटोकॉलच्या नियमावलीत साधनास काही खुणा जोडण्याची सोय झाली: हे केवळ वाचते की बदल करते, बदल नाशकारक असू शकतो काय, तेच काम दोनदा केले तर दोनदा परिणाम होतो काय. त्याच नियमावलीत असेही बजावले आहे की ज्याची खात्री नाही अशाने लावलेल्या खुणांवर विसंबू नये. कारण वर्णनही बनावट असू शकते. वर्णनाच्या ओळींत गुप्तपणे भलतीच आज्ञा घालून मुतालिकास धन्याचे कागद बाहेर धाडावयास लावता येते, हे त्याच वर्षी संशोधकांनी करून दाखविले. खोट्या शिक्क्यांच्या कागदांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांस यात नवल वाटणार नाही.

वर्णने लिहिणारे येथले तरुण आता ती लिहून थांबत नाहीत. कामांचा एक गठ्ठा मुतालिकापुढे ठेवतात, तो कोणते साधन उचलतो हे पाहतात, चुकला तर पुष्कळदा आज्ञावलीस हात न लावता वर्णनातलाच शब्द बदलतात, आणि गठ्ठा पुन्हा पुढे ठेवतात. आमच्या काळी चार्जच्या टाचणाची अशी परीक्षा कोणी घेत नसे.

अलीकडेच आमच्यावरही चार्ज देण्याची पाळी आली. जुन्या सातव्या कलमाची आठवण ठेवून आम्ही टाचण लिहिले. ते सतरा पानांचे झाले. 'नेहमीप्रमाणे' हा शब्द त्यात कोठेही येऊ दिला नाही. पंधरा दिवसांनी नव्या गृहस्थांचा दूरध्वनी आला. नवव्या कलमात 'प्रत संबंधितांस' असे आहे, ते संबंधित म्हणजे कोण, असे ते विचारीत होते.